स्कर्टिंगवरचा रंग

भाड्याची खोली रिकामी झाली की घरमालक आधी रंगाऱ्याला बोलावतो. रंगारी भिंती घासतो, भेगांत लांबी भरतो, वरून खाली रोलर फिरवत येतो आणि सगळ्यात शेवटी, पाठ आखडलेली असताना, जमिनीलगतच्या लाकडी पट्टीवर म्हणजे स्कर्टिंगवर ऑइल पेंटचा हात मारतो. तिथला जुना रंग कुणी खरवडत बसत नाही. धूळ, केस, वाळलेले डाग, सगळं आहे तसं रंगाखाली जातं. वेल्समधल्या कार्डिफ शहरात, गोदीजवळच्या बुटाउन वस्तीत, जेम्स स्ट्रीटवरच्या ७ नंबरच्या इमारतीतल्या एका खोलीत असाच ब्रश फिरला, आणि पुढच्या वर्षांत पुन्हा पुन्हा फिरला. त्या रंगाखाली एका खुन्याचं रक्त होतं. लिनेट व्हाइट खून प्रकरणातली पोलीस चौकशी, खटले, अपील यांवर पुष्कळ लिहून झालं आहे, पण मन अडकतं ते त्या रंगाऱ्यापाशी. खोली स्वच्छ दिसावी एवढंच त्याच्या मनात असणार. त्याच्या ब्रशने डाग झाकला आणि त्याच ब्रशने तो जपलाही.

लिनेट २० वर्षांची होती. रस्त्यावर उभी राहून पोट भरणारी. खोली तिची नव्हती, ओळखीतल्या बाईकडून किल्ली घेतलेली होती. १९८८च्या १४ फेब्रुवारीला पहाटे त्या खोलीत तिच्यावर चाकूचे पन्नासहून जास्त वार झाले. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. चाकूने वार करणारा माणूस पुष्कळदा स्वतःलाही कापून घेतो. पहिल्या दोन-चार वारांत मूठ रक्ताने ओली होते, निसरडी होते. पुढचा वार हाडावर आदळतो, पातं जागीच थबकतं, पण हाताचा जोर थांबत नाही. मूठ सोडून बोटं पात्यावर घसरतात. तळहाताला किंवा करंगळीच्या मुळाशी खोल चीर पडते. मग तो माणूस खोलीत वावरतो, भिंतीला हात टेकतो, दाराची कडी चाचपडतो, आणि जाईल तिथे थेंब सांडत जातो. जेम्स स्ट्रीटवर त्या रात्री हाताला लागलेला, भेदरलेला एक गोरा दिसणारा माणूस लोकांनी पाहिला होता. पोलिसांनी सुरुवातीला त्याचंच चित्र काढून सगळीकडे दाखवलं. खोलीत लिनेटच्या रक्ताबरोबर दुसऱ्या कुणाचं तरी रक्त सापडलं, एबी गटाचं. बहुधा पुरुषाचं. चित्र आणि रक्त एकमेकांना धरून होते.

दहा महिने उलटले आणि डिसेंबरात पोलिसांनी पाच जणांना पकडलं. पाचही कृष्णवर्णीय किंवा मिश्रवंशीय. त्यांच्यातला एक लिनेटचा मित्र होता. त्याची चौकशी पाच दिवसांत मिळून १३ तास चालली, १९ टेप भरल्या. तीनशेहून जास्त वेळा तो ‘मी नाही’ म्हणाला, आणि शेवटी खचून त्यांना हवं ते बोलला. १९९०च्या नोव्हेंबरात तिघांना जन्मठेप झाली, दोघे सुटले. अपील न्यायालयाने १९९२च्या डिसेंबरात ती शिक्षा रद्द केली. न्यायाधीशांनी ७ नंबरची टेप ऐकली आणि तिच्यातली आरडाओरड ऐकून ते हादरून गेले. ही सगळी हकिकत वाचताना एका कागदाकडे नजर पुन्हा पुन्हा वळते. तो न्यायवैद्यक अहवाल पहिल्यापासून फाइलमध्येच होता.

खोलीतलं ते परकं रक्त पाचांपैकी कुणाचंच नव्हतं.

‘तेव्हा डीएनए नव्हतं ना’ असं यावर सहज म्हटलं जातं. ते पूर्ण खरं नाही. इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये शास्त्रज्ञ अॅलेक जेफ्रीज यांना डीएनएचा ठसा १९८४च्या सप्टेंबरात सापडला होता. १९८८च्या जानेवारीत, म्हणजे या खुनाच्या महिनाभर आधी, कॉलिन पिचफोर्कला त्या तंत्राच्या बळावर दोन मुलींच्या खुनांसाठी जन्मठेपही झाली होती. अडचण निराळी होती. त्या काळच्या तपासणीला भरपूर आणि ताजं रक्त लागे, नाण्याएवढा डाग तरी हवाच. डीएनएचे लांबच्या लांब तुकडे शाबूत असावे लागत. टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबातून काहीच हाती लागत नसे, आणि तपासताना तो थेंब मात्र संपून जाई. तपासणी नमुना खाते, हे या कामातलं पहिलं आणि सगळ्यात क्लेशकारक सत्य. म्हणून चांगला तज्ज्ञ एक प्रश्न आधी विचारतो: आज तपासावं, की ठेवून द्यावं? ठेवून देण्याला धीर लागतो. वरिष्ठ विचारत असतात, वर्तमानपत्रं विचारत असतात, कुणाची तरी आई दारात बसलेली असते, आणि तरी कापडाचा अर्धा तुकडा पाकिटात घालून, तारीख टाकून, सही करून कपाटात ठेवायचा. कशासाठी, तर अजून न लागलेल्या शोधासाठी.

कार्डिफच्या प्रकरणात असं ठेवलेलं एक पाकीट होतं. खोलीच्या जमिनीवरून उचललेला सिगारेटच्या पाकिटावरच्या पारदर्शक वेष्टनाचा तुकडा, सेलोफेनचा. सिगारेट काढताना आपण जो फाडून टाकतो तो. २०००मध्ये प्रकरण नव्याने उघडलं आणि अँजेला गॅलप यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञ साठवलेल्या वस्तू एकेक करून पुन्हा पाहू लागले, तेव्हा या तुकड्यावर त्यांना रक्ताचा बारीकसा अंश दिसला. त्यातून एका पुरुषाची खूण हाती आली. नाव माहीत नसल्यामुळे त्यांनी त्याचं नाव पाडलं, ‘सेलोफेन मॅन’. तो कपटा ज्याने १९८८मध्ये खाली वाकून चिमट्याने उचलला, त्याला तो कचरा वाटला नाही याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण एकटा कपटा पुरत नाही. सिगारेटचं वेष्टन कुठूनही येऊ शकतं. चपलेला चिकटून, खिशातून पडून, आदल्या आठवड्यातल्या कुणाचं तरी. त्याच्यावरचं रक्त खुनाच्याच वेळचं कशावरून? तेच रक्त खोलीत, न हलणाऱ्या जागी सापडायला हवं होतं. म्हणून खुनानंतर दहाहून जास्त वर्षांनी ते त्या खोलीत परत गेले. भिंतीवरचा कागद, पडदे, सामान, सगळं बदललेलं. उरली होती ती हाडं: दार, चौकट, स्कर्टिंग. जुन्या फोटोंवरून थेंब कुठे ओघळले असतील याचा अंदाज घेतला आणि तिथला रंग थराथराने उतरवायला घेतला.

हे काम जवळून पाहण्यासारखं असतं. स्कॅल्पेलचं पातं जवळजवळ आडवं धरायचं आणि रंगाची पापडी अशी उचलायची की खालचा थर जागचा हलू नये. दिवा वरून न धरता बाजूने, जमिनीलगत धरायचा, म्हणजे उंचवट्याची सावली पडते आणि ओघळाची कड दिसते. तुटलेल्या पापडीची धार भिंगाखाली पाहिली तर थर मोजता येतात: वरचा पांढरा, खाली पिवळट, त्याखाली आणखी जुना. यांतल्या दोन थरांच्या मधे लालसर तपकिरी, जवळजवळ काळी रेघ दिसली, तर रक्त खालच्या रंगानंतर आणि वरच्या रंगाआधी सांडलेलं. साक्षीदाराने तारीख सांगावी तसं. ती रेघ रक्ताचीच का, हे पाहायला गाळणकागदाचा तुकडा चौपदरी दुमडून त्याच्या टोकाने डाग हलकेच पुसतात. कागदावर आधी अल्कोहोलचा थेंब, मग फिनॉल्फ्थेलिनच्या द्रावणाचा. इथे थोडं थांबायचं. या टप्प्यावर कागद गुलाबी झाला तर चाचणी बाद, कारण गंज किंवा तांब्याचा अंशही रंग आणू शकतो. रंग आला नाही तरच हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब. रक्त असेल तर क्षणात गुलाबी फुलतो. मिनिटभराने फुललेल्या गुलाबीला किंमत नाही, हवेनेही तो येतो. आणि ही सगळी परीक्षा कागदावर करायची, डागावर थेंब टाकायचे नाहीत. डाग पुढच्या कामासाठी हवा असतो. दर जागेला पातं नवं, हातमोजे नवे.

स्कर्टिंगच्या रंगाखाली रक्त होतं.

ते टिकलं कसं, याचं उत्तर साधं आहे. डीएनएचे वैरी चार: ओल, उष्णता, ऊन आणि जिवाणू. पहिल्या ओलीबरोबर जिवाणू येतात आणि रेणूचे तुकडे करत सुटतात. पण पातळ थेंब लाकडावर पडून तासाभरात कडक वाळला, तर त्यांना वावच मिळत नाही. त्यावर ऑइल पेंटचा थर बसला की पाण्याला वाट नाही, उन्हाला वाट नाही, आणि मोलकरणीच्या फडक्यालाही नाही. ब्लीच घालून खसखसून पुसलं असतं तर खेळ तिथेच संपला असता. रंगवल्यामुळे वाचलं. वेल्सची थंडी मदतीला होतीच.

पुढचं काम प्रयोगशाळेत. पेशी फोडून डीएनए वेगळा करायचा, रंगाचे कण धुऊन काढायचे. ते राहिले तर पुढची रासायनिक क्रिया अडखळते. रक्ताला लाल रंग देणारं हीम, जीन्सची निळी, मातीतली आम्लं, सगळीच अडथळा आणतात. नमुना हाताशी असून निकाल कोरा येतो तो बऱ्याचदा यामुळे. मग पीसीआर, म्हणजे डीएनएच्या नकला काढायची क्रिया: ९४ अंशांना दोन धागे सुटे, ५९ला छोटे सुरुवातीचे तुकडे चिकटतात, ७२ला नवा धागा विणला जातो. एक फेरी संपली की एकाचे दोन. अशा २८ फेऱ्या. कागदावर हिशोब केला तर एका तुकड्याचे जवळजवळ २७ कोटी होतात. एका पेशीत ६ पिकोग्रॅमच्या आसपास डीएनए असतो. या पद्धतीला एक नॅनोग्रॅम (हजार पिकोग्रॅम) म्हणजे दीडशेएक पेशींचा ऐवज मिळाला तरी उत्तम काम होतं. ब्रिटनमध्ये १९९९पासून वापरात आलेल्या एसजीएम प्लस या चाचणीत डीएनएवरच्या दहा जागा तपासत, शिवाय एक जागा स्त्री की पुरुष हे सांगणारी. या जागांवर चार-चार अक्षरांचे शब्द एकापुढे एक पुन्हा येतात, आणि कितीदा येतात ते माणसागणिक बदलतं. एक आकडा आईकडून, एक बापाकडून. दहा जागांचे वीस आकडे म्हणजे त्या माणसाची ओळख. पडद्यावर ते डोंगरकड्यांसारखे शिखरांनी दिसतात. मोठ्या शिखराच्या डावीकडे एक बुटकं शिखर सावलीसारखं उभं असतं. नक्कल होताना एक शब्द गाळला गेल्याची ती खूण. दोन माणसांचं रक्त मिसळलेलं असलं की ती सावली खरीच कुणाची तर नाही ना, हे ठरवताना अनुभवी माणूसही घुटमळतो. आणि डीएनए फारच कमी असेल तर एखादं शिखर उगवतच नाही. मग जो आकडा दिसत नाही तो नाहीच, असं समजलं तर चुकीच्या माणसाला सोडाल किंवा चुकीच्याला धराल.

चुका कुठून येतात याचं एक उदाहरण इथे सांगायलाच हवं. जर्मनीत हाइलब्रॉन गावी २००७मध्ये एका पोलीस महिलेचा खून झाला. तिथे सापडलेली एका अनोळखी स्त्रीची खूण जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समधल्या चाळीसेक गुन्ह्यांत सापडत गेली. खून, घरफोड्या, सगळीकडे तीच बाई. २००९मध्ये उलगडा झाला. नमुना पुसायला वापरायचे कापसाचे बोळे ज्या ठिकाणी बांधले जात, तिथल्या एका कामगार स्त्रीचा तो डीएनए होता. बोळे निर्जंतुक होते, पण निर्जंतुक म्हणजे डीएनएमुक्त नव्हे. जंतू मरतात, रेणू राहतो. आता त्यासाठी वेगळं मानक आहे, आणि कोरा बोळाही नमुन्याबरोबर तपासतात. कार्डिफची बाजू भक्कम झाली ती वेष्टन, स्कर्टिंग आणि दार अशा वेगवेगळ्या ठिकाणी एकच पुरुष सापडत गेल्यामुळे. २००२च्या जानेवारीत भरवशाची पूर्ण खूण हाती आली.

पण नाव नव्हतं. ब्रिटनचा राष्ट्रीय डीएनए संग्रह १९९५पासूनचा, त्यात हा माणूस नव्हता. मग त्यांनी त्याच्यासारखे आकडे कुणाचे आहेत ते शोधायला घेतलं. त्याच्या आकड्यांतला एक दुर्मीळ होता. तो ज्यांच्यात आहे अशी माणसं काढली, त्यातून कार्डिफ परिसरातली निवडली, मग बाकीचे आकडे किती जुळतात ते पाहिलं. सगळ्यात जवळचा निघाला एक १४ वर्षांचा मुलगा. खून झाला तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता. इंग्रजीत खुन्याशी असलेलं त्याचं नातं ‘नेफ्यू’ या एका शब्दात सांगून मोकळं होता येतं. मराठीत लेखणी अडते, कारण पुतण्या म्हणावं की भाचा, हे आपल्याला आधी ठरवावं लागतं. गंमत अशी की या दहा जागांनाही तो फरक कळत नाही. काका असो की मामा, दर जागेवर एक आकडा सामायिक असण्याची शक्यता सारखीच, निम्मी. दहापैकी पाचेक जागी नातं दिसतं, बाकी योगायोग. काका की मामा हे वाय गुणसूत्र सांगू शकतं. ते बापाकडून मुलाकडे जसंच्या तसं जातं, म्हणून काका-पुतण्याचं एकच, मामा-भाच्याचं नाही. आपल्या आज्यांनी नात्यांची जी वेगळी नावं ठेवली त्यांतला एक भेद तरी रेणूतच कोरलेला आहे, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

त्या मुलाच्या नात्यागोत्यातून शोध जेफ्री गफूरपर्यंत पोचला. सुरक्षारक्षकाचं काम करून एकटा राहणारा, अबोल माणूस. त्याने गालाच्या आतला नमुना निमूट दिला. पाळतीवरच्या पोलिसांना मग दिसलं की तो पॅरासिटामॉलच्या गोळ्या गोळा करतो आहे. २००३च्या २८ फेब्रुवारीला दार फोडून ते आत शिरले तेव्हा त्याने गोळ्या घेतल्या होत्या. पोलिसांना तो म्हणाला की लिनेटला मी मारलं, पंधरा वर्षं या क्षणाची वाट पाहतो आहे. भांडण ३० पौंडांवरून झालं होतं. जुलैत त्याला जन्मठेप झाली, किमान १२ वर्षं ८ महिने. ज्या तिघांना आधी शिक्षा झाली होती, त्यांचा या खुनाशी काहीही संबंध नव्हता.

आपल्याकडे असं काही होऊ शकेल का, असा प्रश्न या टप्प्यावर मनात येतोच. मुंबईतल्या कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत हीच रसायनं आहेत, हीच यंत्रं आहेत, शिखरं वाचणारी तितकीच हुशार माणसं आहेत. पण जुळवून पाहायला राष्ट्रीय संग्रह नाही. त्याचं विधेयक २०२३च्या जुलैमध्ये लोकसभेतून मागे घेतलं गेलं. आणि माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट मुद्देमालाच्या खोलीची आहे. रक्ताने ओला शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून लाखेचं सील मारलं की पंचनामा बिनचूक होतो आणि पुरावा कुजतो. कोकणातल्या पावसाळ्यात तर तीन-चार दिवसांत बुरशी धरते. कपडा सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, दोन कोऱ्या कागदांमध्ये वाळवायचा आणि कागदी पाकिटात घालायचा. खर्च म्हणाल तर कागदाचा. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जायलाच हवं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आता सांगते. त्या पथकाच्या गाडीत कागदी पाकिटांचा गठ्ठा असावा एवढी एक गोष्ट जरी झाली तरी पंचवीस वर्षांनी कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

कार्डिफची गोष्ट गफूरच्या शिक्षेने संपत नाही. खोट्या साक्षीबद्दल तीन साक्षीदारांना २००८मध्ये १८-१८ महिन्यांची कैद झाली. मग आठ माजी पोलीस अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला. २०११च्या १ डिसेंबरला तो कोसळला आणि सगळे निर्दोष सुटले, कारण बचावाला दाखवायला हवे होते असे काही कागद नष्ट झाल्याचं न्यायालयाला सांगण्यात आलं. पुढच्याच महिन्यात ते सापडले. कुणी फाडले नव्हते, जाळले नव्हते. ज्या खोक्यांत ठेवले होते त्याच खोक्यांत ते पडून होते. त्याच प्रकरणातला सिगारेटच्या वेष्टनाचा एक कपटा मात्र १९८८पासून आपल्या पाकिटात, आपल्या नंबरासह, ज्या जागी ठेवला त्या जागी होता, आणि मागितला तेव्हा मिळाला.